भासऱ्यांच्या वाट्याची अंगूरबाग

भासऱ्यांशी बोलायचं नसतं, हे मला लग्नाच्या आधीच सांगून ठेवलं होतं. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. ते समोरून आले की पदर ओढायचा, भिंतीकडे सरकायचं. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायचं, मग ती त्यांना सांगणार. त्यांचा निरोपही तसाच जावेच्या तोंडून यायचा. पैनगंगेच्या पलीकडे माझ्या माहेरीही हीच रीत होती, त्यामुळे सुरुवातीला मला तिचं काही वाटलं नाही. वाटायला लागलं ते पुढे, जेव्हा त्यांना दोन शब्द ऐकवायला माझी जीभ वळवळायची आणि तोंडाला मात्र कुलूप. एवढा राग पोटात ठेवून दुसरी एखादी आजारी पडली असती. मला काही झालं नाही. राग मला मानवतो.

आमचं गाव तामसीच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. सगळ्यांची वावरं पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, आणि ज्वारीची. तिसरं काही लावणारा माणूस डोक्यानं थोडा हललेला, असं गावाचं पक्कं मत होतं. त्या मताप्रमाणे आमचे हे हललेलेच होते. लग्नाआधी ते हैदराबादच्या बाजूला एका अंगूरबागेत कामाला राहिले होते. तिथून येताना त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळून काड्या आणल्या. आदिलाबादहून पुढे बसमध्ये ते पोतं मांडीवर घेऊन बसले होते म्हणे, आणि कंडक्टरनं त्यात काय आहे म्हणून विचारलं तर लाजून बोललेच नाहीत. अनाबेशाही जातीच्या काड्या. मणी मोठा, लांबट, पिवळसर, आत बिया. विहिरीजवळच्या वावरात त्यांनी दगडी खांब रोवले, वर तारांचा मांडव केला आणि त्यावर वेल चढवले. मी लग्न होऊन आले तेव्हा वेल माझ्या कमरेएवढे होते. ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मांडव भरला तो माझ्यादेखत.

घरात कर्तेपण भासऱ्यांचं. सासरे लवकर गेलेले, तेव्हा आमचे हे अगदी लहान. भासऱ्यांनीच त्यांना वाढवलं, शाळेत घातलं, आजारपणात खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. हे मी नाकारत नाही. पण वाढवलं म्हणजे विकत घेतलं असं थोडंच असतं? आमच्या ह्यांना ते कळायचं नाही. दादा म्हणाला की झालं. दादा म्हणाला उठ, उठले. दादा म्हणाला बस, बसले. अंगुराच्या काड्या लावणं हीच त्यांच्या आयुष्यातली दादाला न विचारता केलेली एक गोष्ट. भासऱ्यांनी तिच्यावर कधी आरडाओरडा केला नाही. नुसतं हसायचे. कोणी पाहुणा आला की म्हणायचे, आमच्या लहान्याची बाग पाहून या, पाखरांसाठी लावली त्यानं.

फागुन लागला की माझं सगळं आयुष्य त्या मांडवाखाली जायचं. कापूस वेचताना कंबर जाते. अंगुरात मान जाते. दिवसभर वर पाहायचं, हात वर, कात्री वर, आणि वरून पानांतली धूळ डोळ्यांत. घडातले सडके मणी टिपून काढायचे, दाटलेले घड मोकळे करायचे. पश्चिमेच्या बाजूनं जुनी लुगडी बांधून ऊन वारा अडवायचा. पोपटांचे थवेच्या थवे झडप घालायचे, त्यांच्यासाठी हातात टिनाचा डबा आणि काठी. जिवाला आराम नाही. पण खरं सांगू, त्या कामात मला फार सुख होतं. मांडवाखाली शिरलं की वर सगळीकडे घड लोंबलेले, त्यातून उजेड पिवळा होऊन खाली यायचा. आमचे हे एकेका वेलाजवळ थांबून त्याच्याशी पुटपुटायचे. माझ्याशी दिवसात जेवढं बोलत नसत तेवढं त्या वेलांशी बोलायचे. मला त्याचाही राग येत नसे. तिथे माझा राग बाहेरच राहायचा, चपलेसारखा.

धाक एकच, आभाळाचा. फागुनात गावातल्या बाया पळस फुलला म्हणून पाहायच्या, मी मात्र सकाळी उठल्या उठल्या पैनगंगेच्या बाजूला पाहायची. तिकडे नुसती करडी रेघ दिसली तरी मी बागेकडे धावायची. ढगाळ राहिलं की घडावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, यायची, म्हणून गंधकाची भुकटी उडवायची. पाणी आलं की मणी फुटायचे. आणि गार पडली तर मग काही करायचंच राहत नाही. जुन्या काळी आमच्याकडे गार थोपवणारा गारपगारी गावोगावी असायचा. मंत्र म्हणून तो ढग परतवतो असं मानायचे आणि खळ्यावर त्याला ज्वारी द्यायचे. माझ्या वेळेपर्यंत तेही बंद झालं होतं. आता ज्यानं त्यानं आपल्यापुरतं आभाळ सांभाळायचं.

तो फागुन मी मरेपर्यंत विसरायची नाही. घड पूर्ण तयार झाले होते. आदिलाबादचा व्यापारी गाडी घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत येणार होता. तिथपर्यंत माल आमच्या बैलगाडीनं न्यायचा. तीन बाया तोडायला सांगितल्या होत्या, टोपल्यांत कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता. सकाळी मी विहिरीवर पाहते तर बाया नाहीत, गाडी नाही, बैलही नाहीत. भासऱ्यांनी सगळं ज्वारीच्या वावरात नेलं होतं. ज्वारी कापून, खळ्यावर मळून, घरात येऊनही आठवडा झाला होता. वावरात राहिला होता तो नुसता कडबा. तो आणून गंजी लावायची होती.

आभाळ सकाळपासूनच वाईट दिसत होतं. मी धावत घरी गेले, जावेला म्हटलं, त्यांना सांगा, आजच्या दिवस गाडी आणि बाया द्या, व्यापारी येऊन उभा राहील, आभाळ पाहा कसं झालं आहे. जाऊ अंगणात गेली. भासरे गाडीला बैल जुंपून नेमके तेवढ्यात घरी आले होते, दोर घ्यायला. मी दारामागे उभी होते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी जावेला उत्तर दिलं, पण आवाज मला ऐकू जाईल एवढा.

"आभाळ कडब्यावर बी हायच. ढोरं काय अंगूर खातात? आधी कडबा."

मग आम्ही दोघंच तोडायला लागलो. जमेल तेवढं. व्यापाऱ्याचा माणूस दुपारी पायी आत आला, तोडलेल्या टोपल्या पाहिल्या, गाडी नाही म्हणताच हात झटकून परत गेला. त्याचंही काय चुकलं? त्याला पुढे दुसऱ्या गावाहून माल घ्यायचा होता. तो जाऊन जरा वेळ झाला असेल, वारा एकदम पडला. पाखरं गप्प झाली. आमचे हे कात्री खाली ठेवून वर पाहायला लागले आणि मी त्यांच्या तोंडाकडे.

मग गार आली. लिंबाएवढी. डोक्यावर रिकाम्या टोपल्या धरून आम्ही विहिरीच्या कठड्याला टेकून बसलो आणि समोर मांडव उतरताना पाहिला. पानं, मणी, काड्यांची सालं, सगळं सपासप खाली येत होतं. गावाकडून जावेची हाक ऐकू आली, तिनं अंगणात विळा फेकला असणार, गार थांबावी म्हणून फेकतात तसा. थांबायच्या वेळेला ती थांबलीच. मांडवाखाली गेलो तर पाय घसरायचा. खाली नुसता चिखल आणि रस आणि पांढऱ्या गारा. घडांचे देठ तेवढे तारांना लटकून राहिले होते.

कडब्याची गंजी लागली होती. बाया आणि सालदार घेऊन भासरे बांधावरून परत येत होते. ते मांडवापाशी थांबले. खाली वाकले, ओंजळभर गारा उचलल्या आणि आमच्या ह्यांच्या हातात ठेवल्या.

"घे. हे बी अंगूरच हायेत. न लावता आले."

दोघी बाया हसल्या, तिसरीनं पदर तोंडात धरला. आणि आमचे हे, काय सांगू, तेही हसले. दादा गंमत करतो आहे म्हटल्यावर हसले. गारा हातात धरून, पाणी बोटांतून गळतंय, आणि तोंडावर हसू. मी पदराआडून ते पाहिलं. भासऱ्यांच्या बोलण्यानं मी जेवढी पेटले नसते तेवढी त्या हसण्यानं पेटले. त्याच क्षणी मनाशी गाठ मारली की या माणसाला मी याचं उत्तर देईन. कसं ते ठाऊक नव्हतं. बाईच्या जातीला घाई करून चालत नाही, आणि मला घाई नव्हतीच.

भासऱ्यांनी मग बाग उपटून पऱ्हाटी लावायचं काढलं. आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच त्यांच्यापुढे मान खाली घालून का होईना, एक साल मागितलं. मोरचूद आणि चुना कालवून निळं पाणी केलं, जखमी काड्यांवर मारलं, चैत्रात खरडून छाटणी केली. प्रत्येक कापाला ते अंगठ्यानं निळा लेप लावायचे, आई लेकराच्या कपाळाला तीट लावते तसा. मी बाजूला डबा धरून उभी. वेल उठले. पुढच्या फागुनात माल बेताचा आला. त्याच्या पुढच्या दोन्ही फागुनात असा आला की गावात कोणी बागेला नावं ठेवेना.

आणि तेव्हापासून ती भासऱ्यांची बाग झाली. हो, अशीच. तहसीलमधून कोणी साहेब आला की भासरे त्याला मांडवाखाली नेणार आणि सांगणार, आम्ही अंगूर लावला. मंचेरियलहून जावेचा भाऊ यायचा, कोळशाच्या खाणीत नोकरीला होता, त्याला पिशव्या भरून घड. तेही कच्चे तोडलेले. कोणता घड तयार आणि कोणता नाही हे कळायला मान वर करून चार फागुन काढावे लागतात. भासऱ्यांनी एकही काढला नव्हता. आमचे हे मागे टोपली घेऊन चालायचे. कच्चा घड तुटला की त्यांच्या कपाळाला आठी यायची, तरी टोपली पुढे करायचे.

मग वाटणी निघाली. भासऱ्यांची मुलं मोठी झाली होती, घरात दोन चुली कधीच्या पेटत होत्या. पाडव्याला वाटे उचलायचे ठरले. आमच्याकडची रीत अशी, की थोरल्यानं वाटे करायचे आणि लहान्यानं आधी उचलायचा. म्हणजे वाटे करणारा लबाडी करत नाही. केली तर तीच त्याच्या पदरात पडायची. फार शहाण्या माणसानं घालून दिलेली रीत आहे ती. पण भासरे त्या शहाण्याच्याही वरचे निघाले.

त्यांनी दोन वाटे केले. एका वाट्यात नाल्याकाठची सगळी काळी जमीन. तिच्यात पऱ्हाटी छातीला लागायची, ज्वारीत माणूस हरवायचा. दुसऱ्या वाट्यात अंगूरबाग, विहीर, आणि मागची सगळी बरड. बरड म्हणजे नुसते गोटे. तिच्यात कुळीथही तोंड वर काढताना विचार करायचा. वाटे असे उघड तिरपे, पण भासऱ्यांना भीती नव्हती. लहाना काय उचलणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जावेच्या पोटात काही राहत नसे. डाळ निवडता निवडता ती मला हसून म्हणाली, तुमचं तर ठरलेलंच आहे बाई, भाऊजी वेल सोडून दुसऱ्या कशाला हात लावणार थोडेच. हे म्हणतात, त्याला काळी फुकट दिली तरी तो घ्यायचा नाही.

डाळीचं सूप मी खाली ठेवलं. इतका वेळ जे कळत नव्हतं ते एकदम लख्ख दिसलं. ज्या गोष्टीवर ते इतकी वर्षं हसले, तिच्यावर आमच्या ह्यांचा किती जीव आहे हे त्यांनी बरोबर तोलून ठेवलं होतं, आणि आता त्याच जिवाचा गळ करून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, काळी उचला. बरडीवर ज्वारी येत नाही, आणि एक गार पडली की खायला मागत दादाच्याच दारात जावं लागेल. हे पोटाचं कारण, आणि ते खोटंही नव्हतं. खरं कारण मात्र मी बोलले नाही. खरं कारण एवढंच होतं, की जी बाग त्यांनी आम्हाला हसत हसत द्यायची ठरवली आहे ती त्यांच्याच गळ्यात पडावी आणि त्यांच्याच हातात मरावी. छाटणी त्यांना येत नाही. भुरी कशी ओळखायची त्यांना माहीत नाही. गावानं येऊन पाहावं, थोरल्याच्या हातात काय होतं ते.

आमचे हे बराच वेळ मांडवाकडे पाहत राहिले.

"माया हातचे येल हायेत," एवढंच म्हणाले.

"म्हणूनच त त्यायनं मांडून ठेवले," मी म्हटलं.

पाडव्याला गावातले चार म्हातारे येऊन ओसरीवर बसले. मध्ये धोतराचं पान अंथरलं होतं. एका टोकाला भासऱ्यांनी काळीचं ढेकूळ ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला अंगुराचा घड. बरडीचा गोटा ठेवायला हवा होता खरं तर. पण त्यांनी बागेतला शेवटचा राहिलेला, सगळ्यात देखणा घड निवडून आणला होता. धुऊन ठेवला होता तो. पाणी चमकत होतं मण्यांवर. मी दारामागून फटीतून पाहत होते. एका म्हाताऱ्यानं दोन्ही भावांना विचारलं, वाटे मंजूर आहेत का. दोघं म्हणाले, मंजूर. मग लहान्याला म्हणाला, उचल.

आमच्या ह्यांचा हात उठला आणि घडाकडेच निघाला. सरळ. जसा रोज मांडवाखाली उठायचा तसा. भासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला. मला ओरडता येत नव्हतं, दारात येता येत नव्हतं, चार म्हाताऱ्यांपुढे तोंड उघडलं असतं तर माझं नाव गावभर झालं असतं. मी हात वर केले आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या दाराच्या चौकटीवर आपटल्या. जोरात. दोन फुटल्या.

हात थांबला. घडाच्या अगदी वर. तो तिथं किती वेळ राहिला देव जाणे. मग आमच्या ह्यांनी डोळे मिटले, हात बाजूला नेला आणि ढेकूळ उचललं.

भासऱ्यांचं तोंड! तसं तोंड मी जन्मात पाहिलं नाही. मिशीवरचा हात तिथंच. म्हातारे एकमेकांकडे पाहायला लागले. एकानं घड उचलून भासऱ्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, घ्या, हा तुमचा. मी घरात जाऊन मनगटाचं रक्त पुसलं आणि पुरण वाटायला बसले. त्या दिवशीच्या पुरणपोळ्या माझ्या हातून इतक्या चांगल्या झाल्या, की जावेलाही दोनदा वाढून घ्यावं लागलं.

पुढचं वर्ष माझं होतं. खोटं कशाला सांगू, मी रोज मुद्दाम वाकडी वाट करून त्यांच्या धुऱ्यावरून, बागेच्या बांधावरून, जायची. चैत्रातली छाटणी करायला त्यांनी कुठून तरी एक माणूस आणला, त्यानं बाभळीच्या फांद्या तोडतात तसे वेल तोडले. दसऱ्यानंतरची छाटणी वेळेवर झाली नाही. फागुनात मांडवावर पाल्याचं रान आणि मधे मधे मुठीएवढे, भुरीनं पांढरे झालेले घड. पोपटसुद्धा येत नव्हते. आमच्या काळीत ज्वारीचं कणीस हातात मावत नव्हतं. मी तिकडे पाहायची, इकडे पाहायची, आणि मला बरं वाटायचं. छान वाटायचं. गावात लोक म्हणायला लागले, अंगूर थोरल्याच्या हाताला लागला नाही. मी ते ऐकून भाकरी एक जास्त खायची.

आमचे हे मात्र वाळत चालले. जेवायचे, काम करायचे, पण काळीत त्यांचं लक्ष नव्हतं. ज्वारीशी कोण पुटपुटणार? मी म्हटलं, होईल सवय.

चैत्र लागला. एक दिवस ते म्हणाले, बियाण्याचं पाहायला तामसीला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तामसी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. जेवायला वाढताना मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. उजव्या अंगठ्याचं नख निळं होतं. कडेनं कातडीतही निळं बसलेलं.

ताट तसंच ठेवून मी सरळ धुऱ्यावर गेले. अर्धी बाग छाटून झाली होती. एकेक काडी मोजून मापून, काप काडीवरच्या डोळ्याच्या वर तिरपा, आणि प्रत्येक कापावर अंगठ्याचा निळा ठसा. विचारायची गरजच नव्हती. तरी घरी येऊन विचारलं, की दादानं बोलावलं का तुम्हाला. नाही म्हणाले. मी छाटत होतो तोपर्यंत दादा नुसता धुऱ्यावर बसून होता, म्हणाले.

"मंग काऊन गेले तुमी?" माझा आवाज चढला होता.

ते हात धुवायला उठले.

"वावर दादाच्या हिश्शात गेलं," ते म्हणाले. "येल नाई गेले."

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्या गारांपासून सुरू केलं आणि बांगड्यांपर्यंत आणलं. ते ऐकून घेत होते. कोणाचंही ऐकून घ्यायची त्यांना सवयच होती, आधी दादाचं, मग माझं. पण दुसऱ्या दिवशी ते तामसीचं नाव न घेता सरळ बागेत गेले. दसऱ्यानंतरही गेले. मी त्यांना बागेत कधी शिदोरी नेली नाही. उपाशी राहा म्हटलं, तुमचे वेल घालतील जेवायला.

त्या फागुनात भासऱ्यांचा मांडव असा लदबदला की रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा. मी धुऱ्यावरून जायचं सोडलं. आणि मग एक दिवस पैनगंगेच्या बाजूला ती करडी रेघ दिसली. तीच. पूर्वी तिला पाहून मी बागेकडे धावायची. त्या दिवशी मी अंगणात उभी राहिले, पदर खोचला, आणि आभाळाकडे पाहून म्हटलं, ये. ये बाई, अशी ये की एक मणी राहायचा नाही. आमचे हे बागेत धावले होते, भासऱ्यांच्या पोरांसोबत टोपल्या भरत होते. मला त्याचंही काही नव्हतं. ढग काळा झाला, गडगडला, अंगणात चार टपोरे थेंब पडले. आणि वारा फिरला. ढग खाली मंचेरियलच्या अंगाला निघून गेला, आमच्याकडे ऊन पडलं. मी तिथंच जमिनीवर बसले. इतकी निराश मी माझा मुलगा नापास झाला तेव्हाही झाले नव्हते.

माल निघून गेल्यावर एका दुपारी मी ओट्यावर एकटीच गहू निवडत बसले होते. अंगणात पावलं वाजली म्हणून वर पाहिलं तर भासरे. हातात टोपली, वर अंगुराची पानं झाकलेली. जाऊ सोबत नाही, मूल नाही, कोणी नाही. मी पदर ओढला आणि उठून आत जायला निघाले. ते तिथूनच बोलले. माझ्याशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"थांब बाई. आज कोणी नाई मधी बोलाले."

मी दाराच्या कडेला उभी राहिले, पाठ त्यांच्याकडे. त्यांनी टोपली ओट्यावर ठेवली.

"लहान्यानं बाग वाचवली. तूनं नसती वाचवली."

आता जीभ सुटली होती, आणि इतक्या वर्षांचं जमवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. पण आलं ते एवढंच.

"नाई. मी असती त जाळली असती."

मला वाटलं, आता आरडाओरडा होईल. व्हावा अशी माझी इच्छाही होती. पण भासरे अगदी साध्या आवाजात, दोन कास्तकार बांधावर बसून पिकापाण्याचं बोलतात तसं बोलले.

"मले मालूम हाय. काळी माया वाट्याले आली असती आन् बाग तुमच्या, तर मी काळीत दुसरी खोल इहीर खोदून तुमच्या इहिरीचं पाणी नसतं टिकू देलं. जाळलीच असती मी बी. तू आन् मी सारखेच. तो कोनावर गेला, देव जाणे."

आणि ते गेले. मी वळून पाहिलं तेव्हा ते फाटकाबाहेर पोचले होते, पाठ थोडी वाकलेली, चालण्यात घाई नाही. टोपली ओट्यावरच होती. फेकून द्यावी म्हणून मी तिला हात लावला आणि हात मागे घेतला. संध्याकाळी आमचे हे आले, पानं बाजूला करून एक घड उचलला, उजेडात फिरवून पाहिला आणि विचारलं, कोणी आणली. मी सांगितलं, तुमच्या भावानं. आणखी काही विचारलं नाही त्यांनी. मी भाकरी थापायला बसले, आणि परातीत हात आपटता आपटता मला रडू फुटलं. दुःखानं नाही. ज्या माणसाशी मी अठरा वर्षं पदराआडून भांडले, त्या एका माणसानं मला बरोबर ओळखलं होतं, आणि ज्याच्यासाठी भांडले त्याला मी कधीच कळले नाही, या रागानं.